उवेच्या कपाळावरचं टेंगूळ

४ मार्च, मंगळवार

डोकी मिळाली! सहाच, पण ताजी, कल्ले लालबुंद. लिलावाच्या ओट्यावर आज फारशी गर्दी नव्हती. बर्फाच्या गाडीची वाट बघत सगळे उकिडवे बसलेले. माझी नेहमीची मासेवाली लांबूनच ओरडली, "आली बघा डोकीवाली! धडं लोक नेतात, डोकी ही नेते. हिचा नवरा जेवतो तरी काय!" सगळे खो खो हसले. मीही हसले. इतक्या वर्षांनी आता तिला काय समजावणार की मला डोकंही नको असतं. मला हवे असतात कल्ले, आणि कल्ल्यांना चिकटलेल्या उवा.

उवा म्हणते खरी. त्या काही उवा नव्हेत — कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातले जीव, तिळाएवढे, काही तर तिळाहून बारीक. शास्त्रात कोपेपॉड. पण "मी समुद्री माशांवरचे परजीवी कोपेपॉड ओळखते" असं सांगितलं की समोरचा घड्याळ बघायला लागतो. "माशांच्या उवा बघते" म्हटलं की निदान नाक तरी मुरडतो. नाक मुरडलेलं परवडलं.

पुस्तक संपत आलंय. माशांवरच्या उवा कशा ओळखायच्या याचं पुस्तक — जातीला एक पान, एक चित्र, काटे कुठे, केस कुठे, कोणत्या माशावर मिळते. सगळी पानं झाली, एकच कोरं आहे. बाबांच्या जातीचं. म्हणजे माझ्याच.

बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेल्या उवा ओळखल्या. स्वतःची, नवी, अशी एकच. तेव्हा मी नुकती चालायला लागले होते, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आपटून कपाळाला हे एवढं टेंगूळ आणलं होतं. त्याच आठवड्यात बाबांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जी ऊ आली, तिच्याही कपाळावर बरोब्बर मधोमध टेंगूळ! दुसऱ्या कुठल्या उवेला नाही, हिलाच. झालं. तिला माझं नाव देऊन टाकलं, चांगलं कागदोपत्री, पूर्ण नाव. आणि मी घरात कायमची टेंगू झाले. ताई शाळेत सगळ्यांना सांगत सुटली, "आमच्या हिच्या नावाची ऊ आहे." पुढे कितीतरी दिवस माझ्या बाकावर कुणी बसेना.

५ मार्च, बुधवार

बाबांनी परत विचारलं, "आपलं पान झालं का?" म्हटलं, नमुना मिळू दे. जुन्या चित्रावरून चित्र काढायचं नाही, तुम्हीच शिकवलंत. "हं," म्हणाले. वरून गप्प, आतून खूश.

७ मार्च, शुक्रवार

सापडली! सापडली!! बाबांच्या नंतर कुणालाच न दिसलेली, आणि आज माझ्या चिमट्यात!

तिसऱ्या डोक्यात, गालाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, एक नाही, चार जणी ओळीने. भिंगाखाली धरल्या आणि कपाळावर टेंगूळ. मी असली किंचाळले की शेजारच्या खोलीतून संग्रहवाली धावत आली — आमच्या संस्थेतल्या सगळ्या बाटल्यांची राखण करते ती. तिला वाटलं मला काहीतरी चावलं. तिला भिंगातून दाखवलं. "अगं बाई, ही तू?" म्हणाली. "तुझ्यापेक्षा बारीक आहे." हलकट!

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबांच्या नजरेचा मधला भाग गेलाय, कडा तेवढ्या शिल्लक. समोरच्याचं तोंड दिसत नाही, कान दिसतात. मला म्हणतात, "टेंगू, तुझे कान म्हातारे झाले गं." आज मात्र खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. मग म्हणाले, "किती?" म्हटलं, चार. "टेंगूळ?" चौघींना. "ताईला फोन लाव." मग ताईला, मग धाकट्या आत्याला, मग त्यांच्या कुठल्याशा जुन्या विद्यार्थ्याला, ज्याला आता उवांशी काही घेणंदेणं नाही, तो बिचारा गाड्यांचे टायर विकतो. प्रत्येकाला तेच, "सापडली बरं का, माझी सापडली. हो, हो, चार."

इतके आनंदात मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

१० मार्च, सोमवार

आता नीट लिहिते. घाईने नको.

चौघींपैकी एकीला लॅक्टिक आम्लाच्या थेंबात ठेवलं. नेहमीचंच काम. त्यात ठेवलं की अंग हळूहळू पारदर्शक होत जातं, आतलं-बाहेरचं सगळं दिसायला लागतं. चहा पिऊन आले, डोळा लावला.

आत आणखी एक ऊ होती.

जुन्या अंगाच्या आत नवं अंग, घडी घालून ठेवल्यासारखं. कात टाकायच्या बेतात असताना मेलेली. बाहेरचं अंग बाबांनी वर्णन केलेलं, हुबेहूब. आतलं अंग — ते मी डोळे मिटून ओळखते. बाजारातली नेहमीची ऊ. दर दुसऱ्या माशावर असते ती, माझ्या पुस्तकातलं पहिलं पान. रुंद पोट, छातीवरच्या बेचक्याची टोकं जराशी बाहेर वळलेली. तीच.

आणि टेंगूळ? टेंगूळ नाहीच ते. या उवा पोरवयात कपाळातून एक धागा काढतात आणि त्याने स्वतःला माशाला बांधून घेतात. कात टाकताना वाहून जाऊ नये म्हणून. मासा पकडला, चिमट्याने ओढलं, की धागा तुटतो आणि कपाळावर त्याचा खुंट राहतो. भिंग बरं नसेल तर खुंट टेंगळासारखा दिसतो.

म्हणजे बाबांची जात ही जातच नाही. नेहमीच्या उवेची पोर आहे. नेहमीच्या उवेचं नाव आमच्या जन्माआधी कितीतरी वर्षं ठेवलेलं. जुनं नाव राहतं, नवं बाद होतं, असा नियम. आणि एकदा बाद झालेलं नाव त्या घराण्यात परत कुणाला देतासुद्धा येत नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "काय, आज काय दिसलं?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय." दुखत नव्हतं.

११ मार्च, मंगळवार

दुसरी ठेवली आम्लात. तेच.

१३ मार्च, गुरुवार

नवरोबाला सांगितलं. आमचे नवरोबा फ्रीज दुरुस्त करतात, आणि स्वतःच्या घरच्या फ्रीजरमध्ये बायकोने माशांची डोकी भरलेली असल्यामुळे गिऱ्हाइकाला घरी कधी आणत नाहीत. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सांगून टाक. मी नाही सांगत लोकांना, कॉम्प्रेसर गेला म्हणून? रडतात, मला शिव्या घालतात, आणि नवा घेतात."

"बाबांनी नवा कुठून आणायचा?"

तो डब्यातला स्क्रू काढून बघत बसला.

मला नक्की कसली भीती वाटतेय? बाबा रागावतील याची नाही. रागावले तर उलट बरं. परवा रात्री जेवताना मध्येच आपल्याशीच हसत होते. विचारलं तर म्हणाले, "चौघी चौघी!" मला त्या हसण्याची भीती वाटते. ते मीच काढून घ्यायचं?

आणि खरं सांगू? मलाही वाईट वाटलं. नाव माझं आहे! लहानपणी ऊ म्हणून चिडवलं की रडायचे मी, पण मनातून ताठ असायचे. कुणाच्या बापाने पोरीचं नाव समुद्रात सोडलंय?

१६ मार्च, रविवार

ताईचा फोन. नवरोबाने तिला सांगितलं, म्हणजे याच्या पोटात काही राहत नाही.

"टेंगू, तू काय कोर्टात साक्ष द्यायला निघालीयेस?"

"पुस्तक छापायचंय ताई."

"एक पान गं ते! राहू दे जसंच्या तसं. ते आहेत तोवर राहू दे. मग काय खोडायचं ते खोड."

म्हटलं, उद्या पोरंपोरी हे पुस्तक हातात घेऊन ओट्यावर उभी राहणार. टेंगूळ दिसलं की माझं नाव लिहिणार. सगळी चुकीची. मला माहीत असून.

"तुला उवांची पडलीये," ताई म्हणाली. "मला बाबांची." आणि मग, स्वतःच विरघळून, "मला काय, माझ्या नावाची साधी गोगलगायही नाही."

मी फोन आपटला. नंतर वाटलं, तिचं सगळंच काही चूक नव्हतं. संध्याकाळी परत लावला. दोघी बराच वेळ भलत्याच विषयावर बोललो, तिच्या गुडघ्यांवर.

पळवाट आहे एक. पानावर लिहायचं, "या जातीबद्दल अधिक अभ्यास आवश्यक." आमच्या धंद्यातली सगळ्यात आरामाची गादी आहे ती. बाबा तिच्यावर झोपणाऱ्यांना काय काय बोलायचे ते मी ऐकलंय.

१८ मार्च, मंगळवार

एकच आशा उरली होती. माझ्या चौघी कदाचित वेगळ्याच असतील, आणि बाबांची ती खरीच वेगळी असेल. बघायचं तर बाबांचा मूळ नमुना बघायला हवा — ज्या एका उवेवरून जात ठरली, ती. संग्रहात आहे. संग्रहवालीने दोनदा सही घेतली, माझ्याकडे संशयाने बघितलं, "तुझीच आहे म्हणून काय झालं," म्हणाली, आणि बाटली आणून ठेवली.

बोटाएवढी बाटली. आत बाबांच्या हातची चिठ्ठी, काळ्या शाईतली, मुंगीच्या पायाएवढं अक्षर. त्यात माझं नाव. काढून ताटलीत घेतली. इतकी वर्षं स्पिरिटमध्ये राहून पिवळी पडलीये, पण धडधाकट आहे.

खुंट. धाग्याचाच. टोकाला तंतू विसकटलेले.

खूप राग आला मला. बाबांवर! उवांवर नाही, बाबांवर. दुसऱ्यांचे कागद लाल शाईने रंगवणारा माणूस, एक काटा कमी मोजला तर पोरांना घरी पाठवणारा माणूस. यांनी हे पाहिलं नाही? मग आठवला तो जुना सूक्ष्मदर्शक, खिडकीतल्या उजेडावर चालणारा, आरसा फिरवून फिरवून उजेड पकडायचा. आणि घरात कपाळ फोडून घेतलेलं कार्टं. राग गेला. जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं.

२० मार्च, गुरुवार

संपादकांचा निरोप. एकच शब्द, "पान?"

बाबांचं तेच. "पान वाचून दाखव ना." म्हटलं प्रिंटर बिघडलाय. "मग तोंडी सांग," म्हणाले. मी भांडी घासायला पळाले.

मागून आले, भिंतीला हात लावत लावत. "शनिवारी वाचायचं का गं? किती दिवसांत वाचलं नाही आपण."

वाचणं म्हणजे आमचा जुना खेळ. एकाने सूक्ष्मदर्शकाशी बसायचं आणि जे दिसतं ते मोठ्याने सांगत जायचं. दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचं आणि ओळखायचं. सांगणाऱ्याने नाव घ्यायचं नाही, अंदाज करायचा नाही. कपाळापासून शेपटीपर्यंत, क्रमाने, काही न गाळता. "वाटतं ते सांगू नकोस, दिसतं ते सांग." मी दहा वर्षांची असल्यापासून हा खेळ खेळतोय. इतर घरांत पत्ते खेळतात.

"चालेल," म्हटलं. आणि भांड्यावर हात तसाच राहिला.

कारण लगेच मनात आलं की ती बाटलीही वाचता येईल. कुणाची ते न सांगता.

मी वाईट आहे का? असेन.

२२ मार्च, शनिवार

मूळ नमुना संस्थेबाहेर न्यायची परवानगी नाही, म्हणून बाबांनाच नेलं. नवरोबाच्या गाडीतून, मागे एक आजारी फ्रीज, पुढे बाबा. संस्था सुट्टीमुळे रिकामी. बाबांना त्यांच्या जुन्या खुर्चीत बसवलं. ती अजून डावीकडे कलते. हात फिरवून बघितला खुर्चीवर. "कुणी दुरुस्त नाही केली ना, बरं झालं."

पहिली बाटली लावली, सोपी. मी अर्ध्यात होते तोवर त्यांनी सांगून टाकलं. दुसरी जरा अवघड. पायांच्या तिसऱ्या जोडीला आले आणि ओळखली. हात चोळत होते. "तुझा आवाज चांगला आहे वाचायला," म्हणाले, "ताईचा नाही. ती घाई करते."

तिसरी लावली.

"हं, सुरू कर."

मी सुरू केलं मिशांपासून. "पहिली मिशी, दोन पेरं. टोकाला केस..."

"थांब. कपाळ?"

मी ताटली उगाच जराशी सरकवली.

"टेंगू, कपाळ गाळलंस. कपाळापासून सुरुवात."

आता काय? "काही नाही" म्हणता आलं असतं. कुणाला कळलं असतं? मी डोळा परत लावला. "कपाळावर दोन चंद्रकोरी, दोन बाजूंना."

"मध्ये?"

"मध्ये एक खुंट. आखूड." मी सूक्ष्मदर्शकाचं चाक जरा फिरवलं. "टोक विसकटलेलं. तंतू सुटलेले."

बाबांनी पाणी मागितलं. दिलं. अर्धा पेला प्यायले, उरलेला हातातच धरून बसले. "हं. पुढे."

मग मी सगळं वाचलं. मिशा, जबडे, छातीवरचं बेचकं, त्याची टोकं कशी वळली आहेत. पाय एक, दोन, तीन, चार, काटे, केस, कोणता काटा लांब, कोणता आखूड. बाबा डोळे मिटून. मध्ये दोनदा विचारलं, "परत सांग बेचकं." परत सांगितलं.

"पोट?"

"अरुंद. अंड्यांच्या माळा नाहीत."

"कशा असतील," बाबा म्हणाले. "वयात कुठे आलीये ती अजून." पेला टेबलावर ठेवला, चाचपत. "ही आपली बाजारातली नेहमीची. तिची पोर. शेवटची कात टाकायची राहिलीये."

"नक्की?"

"बेचकं ऐकलं ना मी. बाकीचं सोड, बेचकं बदलत नाही. कपाळावरचा तो धागा आहे, दुसरं काही नाही." मग जरा वेळाने, "बाटलीवर काही भलतं नाव आहे का?"

"आहे."

"खोडून टाक. कोण गाढव आहे?"

"कुणीतरी जुना," मी म्हटलं. यापेक्षा वाईट वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन.

"जुन्यांचं असंच. भिंगं वाईट आणि घाई दांडगी." हसले. "चल, आणखी एक लाव."

चौथी लावली, मुद्दाम अगदी सोपी, पहिलीतल्या पोराने ओळखावी अशी. ती त्यांची चुकली. दमले असतील.

२३ मार्च, रविवार

सुटले! बाबांनी स्वतः सांगितलं, बाबांना काही कळलंही नाही. मला सांगावं लागलं नाही, खोटं छापावं लागलं नाही. सकाळी उठल्यापासून हेच घोकतेय, आणि दुपारपर्यंत ते कडू झालं.

नवरोबा म्हणतो, "निकाल त्यांनीच दिला ना? मग झालं."

"निकाल देणाऱ्याला खटला कुणाचा ते कुठे माहीत होतं?"

"मग सांग त्यांना."

ताई फोनवर म्हणाली, आता तर अजिबात सांगू नकोस, गाढव कुणाला म्हणाले ते कळलं तर मरतील लाजेने. दोघांचंही पटतं. हीच तर पंचाईत आहे.

बापाला फसवून बापाच्याच तोंडून बापाचं नाव बाद करवून घेतलं मी. साध्या मराठीत याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

२४ मार्च, सोमवार

बाबांनी आज पान विचारलं नाही. रेडिओ ऐकत होते.

२५ मार्च, मंगळवार

पान लिहिलं. म्हणजे पान राहिलंच नाही. पहिल्या पानावर, नेहमीच्या उवेच्या वर्णनाखाली, दोन ओळी वाढल्या. अमुक नावाने वर्णन केलेली जात ही हिचीच अपक्व अवस्था, मूळ नमुना तपासला. दोन ओळींत आमचं घर मावलं. संपादकांना पाठवून दिलं. त्यांचं उत्तर आलं, "छान, एक पान वाचलं."

मग संग्रहवालीकडे गेले. बाटलीत नवी चिठ्ठी घालायला हवी. आमच्यात पद्धत अशी की ओळख बदलली तर नव्या कागदावर नवं नाव लिहायचं, ओळखलं कुणी ते लिहायचं, साल टाकायचं, आणि चिठ्ठी बाटलीत सोडायची. ज्याने ओळखलं त्याचंच नाव. दुसऱ्याची ओळख आपल्या नावावर खपवणं म्हणजे आमच्याकडे चोरीच.

बराच वेळ पेन हातात धरून बसले. ओळखलं कुणी? मी आधी ओळखलं, खरं. पण मी खुंट बघितला, आतलं अंग बघितलं, दोन-दोन नमुने आम्लात घातले. बाबांनी नुसतं ऐकून ओळखलं, ते काहीही न बघता. बाबांचं नाव लिहिलं. माझं अक्षर त्यांच्याइतकं बारीक येत नाही, चिठ्ठी जरा मोठी झाली.

संग्रहवालीने वाचली. एकदा चिठ्ठीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. बूच घट्ट लावून दिलं.

घरी येताना सगळा रस्ता ठरवत आले. उद्या सांगणार. सकाळच्या चहाला. बाबा, ती बाटली तुमची होती. एवढंच वाक्य आहे, एका दमात म्हणायचं. ओरडू देत, रडू देत, माझ्याशी बोलणं टाकू देत. हे असं त्यांच्यासमोर बसून चहा पिणं माझ्याच्याने होणार नाही.

२६ मार्च, बुधवार

चहा ओतला. मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "शनिवारच्या तिसऱ्या बाटलीत नवी चिठ्ठी टाकलीस ना? जुनी काढू नकोस हं, टेंगू. दोन्ही माझ्याच आहेत."